राबमुक्त खिरपाडा

लक्ष्यांक एक, साध्य बावीस. अहवालात हे आकडे लिहिताना सुवर्णाला आनंद लपवता येत नव्हता, आणि पुढे चार महिन्यांनी याच आकड्यांनी तिची भूक पळवली.

ती पेठ तालुक्यात कृषी सेवक होती. कृषी सेवक म्हणजे सरकारने नोकरीच्या उंबऱ्यावर बसवून ठेवलेला माणूस. तीन वर्षं मानधनावर डोंगर तुडवायचे, वरिष्ठांचा शेरा चांगला पडला तर आत यायचं, नाहीतर आल्या पावली घरी जायचं. सुवर्णाची तीन वर्षं ऑगस्टमध्ये भरत होती.

आदल्या वर्षी, दोन हजार आठ साली, दिल्लीत हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला होता. दिल्लीहून निघालेला कागद दर मुक्कामाला अंग धरतो. मुंबईत त्याला परिपत्रक जडलं, पुण्यात तक्ता, नाशकात मुदत. जानेवारीत तो पेठला पोचला तेव्हा त्याच्या शेपटाला एक ओळ लोंबत होती: डोंगरी भागातली राब भाजण्याची पद्धत बंद व्हावी म्हणून प्रत्येक तालुक्यात किमान एका शेतकऱ्याच्या शेतावर प्रात्यक्षिक घ्यावे.

राब भाजणं इकडे कुणाला शिकवावं लागत नाही. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, किंवा भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, त्यावर उन्हाळ्यात झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, वाळलेलं गवत पसरायचं आणि पेटवून द्यायचं. जमिनीतलं गवताचं बी जळून जातं, माती मऊ होते, राखेत रोप जोमाने वर येतं. मग पाऊस लागला की ते उपटून शेतात लावायचं. आता आराखडाही काही खोटं बोलत नव्हता. दर साली ऐनाची, धावड्याची झाडं खांद्यापर्यंत छाटली जात होती, आणि मार्च-एप्रिलात डोंगर धुरात बुडत होते. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की मधल्या माणसाचे हाल होतात, आणि इथे मधला माणूस सुवर्णा होती.

पण जानेवारीत तिला तसं वाटत नव्हतं. ती नाशिकजवळच्या मखमलाबादच्या माळ्याची मुलगी. वडील मोतीराम टोमॅटो, झेंडू, फ्लॉवर करायचे, आणि त्यांची रोपं न्यायला पिंपळगावपर्यंतची माणसं यायची. वाफा कसा करायचा, बी किती खोल टाकायचं, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. रोप ते रोप, टोमॅटोचं काय आणि नागलीचं काय! आग कशाला लावायला पाहिजे? वीतभर उंच गादीवाफा करा, कुजलेलं शेणखत घाला, ओळीत बी टाका, गवत आलं तर खुरपा. तिच्या वडिलांच्या वाफ्याला रोज दोन वेळा झारीने पाणी मिळायचं आणि खिरपाड्याची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवायची, हे तिला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि ध्यानात येणं वेगळं.

खिरपाडा म्हणजे उतारावरची बावीस घरं. तिने तिथल्या अक्काबाईला गाठलं. अक्काबाई साठी उलटलेली, एकटी राहणारी, दीड एकर उताराची मालकीण. पाड्यात काही ठरायचं असलं की माणसं तिच्या अंगणात येऊन बसायची. सुवर्णाने तिला सगळं समजावून सांगितलं. धूर, हवा, वाढणारी उष्णता, लहरी पाऊस. अक्काबाईने मान खाली घालून ऐकलं आणि तीनच गोष्टी विचारल्या.

"पाणी कुठून आणायचं?"

"पाऊस पडेलच की मृगात."

"आन गवत?"

"मी येईन खुरपायला. अहो, माळ्याची मुलगी आहे मी."

"रोप नाय आलं तर?"

"येणारच. माझ्यावर सोडा, अक्काबाई. मला फक्त एकच शेत पाहिजे."

अक्काबाईने समोरच्या डोंगरावरच्या बोडक्या झाडांकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. दिला शब्द. औंदा मी राब नाय भाजायची."

महिन्याभराने अक्काबाईचा पुतण्या चंदर पेठच्या बाजारात भेटला. त्याने सहज सांगावं तसं सांगितलं, "म्याडम, औंदा पाड्यात कुणीच राब नाय भाजायचा. फांद्यापण नाय तोडल्या कुणी."

सुवर्णाला रस्त्यातच नाचावंसं वाटलं. एका शेताला गेली आणि बावीस घेऊन आली! चंदरच्या तोंडावर आनंदाचं चिन्ह नव्हतं, पण आनंदात असलेला माणूस दुसऱ्याचं तोंड कशाला बघतो? तिने खिरपाड्याला पेढे नेले, बावीस घरांचे गादीवाफे स्वतः उभं राहून करून घेतले आणि अहवाल धाडला. तालुका कृषी अधिकारी महेश भामरे साहेब तर इतके खूश झाले की त्यांनी फाइलवर लाल शाईने 'राबमुक्त खिरपाडा' असं नाव घातलं. कागद ज्या वाटेने खाली आला होता त्याच वाटेने अहवाल वर चढत गेला. मे संपता संपता वरून कळलं की चोवीस जूनला दिल्ली आणि पुण्याची समिती हा चमत्कार बघायला येणार आहे.

आणि मग जून लागला.

मृगात एक सर आली. चांगली तासभर आली, आणि तिच्या भरवशावर सगळ्यांनी बी टाकलं. त्यानंतर आभाळाने पाठ फिरवली ती फिरवलीच. आठव्या दिवशी सुवर्णा खिरपाड्याला गेली तेव्हा वाफे हिरवेगार होते. ती हरखून खाली वाकली. हिरवं होतं ते सगळं गवत. तेवढ्या एका ओलीवर गवताने मुळं घट्ट रोवली होती, आणि नागलीचे कोंब त्याच्या सावलीत पिवळे पडून माना टाकत होते. दुसऱ्या वाफ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. ती चढावरून धावतच सगळे वाफे फिरली.

सतरा तारखेपर्यंत पहिलं बी गेल्यातच जमा होतं. प्रत्येक घरात चुलीवरच्या फडताळात टोपलीभर बी शिल्लक होतं, दुबार पेरणीपुरतं. ते एकदाच टाकता येणार होतं. ते गेलं की संपलं. नागली ही इथे विकायची वस्तू नव्हे. तिची भाकरी होते, वर्षभर, दोन वेळा.

"पण एवढी बावीस घरं एकदम कशी तयार झाली हो?" चंदरच्या बांधावर डोकं धरून बसलेल्या सुवर्णाने हा प्रश्न फेब्रुवारीत विचारायला हवा होता. तो तिने आत्ता विचारला. "भाजू नका असं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त अक्काबाईंना."

चंदर तिच्याकडे बघतच राहिला. "म्हंजे तुमाला ठाव नाय?"

"काय?"

"आमच्यात पयला राब अक्काबाईच्या घरचा पेटतो. आजा-पंज्यापासनं. मंग तिच्या राबातला इस्तू घेऊन बाकीचे आपापले पेटवतात. काडी ओढून कुणी राब पेटवत नाय. तसा पेटवला तर पीक उभं राहत नाय म्हणतात. तिनं नाय पेटवला, तर आमी कुठून पेटवणार?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंच नाय," चंदर शांतपणे म्हणाला. "तुमी तर पेढे आणले."

बावीस घरांनी तिचं ऐकलंच नव्हतं. तिने एका म्हातारीकडून शब्द घेतला आणि अख्ख्या पाड्याचा विस्तव बंद केला. पाड्याला वाटलं सरकारी बाईला माहीत असेल, आणि सरकारी बाई आपल्याच बोलण्यावर भुलली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त यात हात तिचा होता आणि अवलक्षण बावीस चुलींचं होतं.

करण्यासारखं एकच होतं. गवत उपटायचं, मिळेल ते जळण पसरून वाफे भाजायचे आणि उरलेलं बी टाकायचं. जमीन पुन्हा सुकली होती, त्यामुळे अजून भाजता येण्यासारखं होतं. पण रेडिओवर दोन दिवस सांगत होते की पाऊस कोकणात उतरलाय आणि तेवीस-चोवीसपर्यंत घाट चढेल. जळण भिजलं की संधी संपली.

तिने पेठला येऊन भामरे साहेबांना सगळं सांगितलं. साहेब स्वभावाने वाईट नव्हते, पण त्यांच्या टेबलावर समितीच्या जेवणाची यादी पडली होती.

"चोवीसला समिती जाऊ द्या," ते म्हणाले. "पंचवीसला भाजा, नाही तर काय वाटेल ते करा. मी बघायलाही येणार नाही."

"पंचवीसला पाऊस असेल, साहेब."

"सुवर्णाबाई, राबमुक्त म्हणून मी वर कळवलंय. दिल्लीची माणसं येणार आणि त्यांना काय दाखवायचं, जळकी शेतं? ऑगस्टमध्ये तुमच्या फाइलवर मलाच सही करायची आहे. मला अडचणीत आणू नका."

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. आभाळ पश्चिमेकडून दाटायला लागलं होतं. घरी तिच्या नोकरीवर सगळ्यांचे डोळे होते. मोतीराम तर आल्यागेल्याला सांगायचे, आमची सुवर्णा सरकारात आहे. तीन वर्षांची पायपीट एका सहीवर येऊन टेकली होती. तिला कुणाचा तरी राग यायला हवा होता, दिल्लीचा, साहेबांचा, चंदरचा, पण राग कुठे टेकवावा तेच कळेना. शेवटी प्रत्येक वाट तिच्याच पेढ्यांपाशी येऊन थांबत होती. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि भूकही नव्हती.

बावीस तारखेला सकाळी पहिल्या एसटीने ती खिरपाड्याला गेली.

अक्काबाई अंगणात सुपाने दाणे पाखडत बसली होती. सुवर्णा तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

"अक्काबाई, मी चुकले. तुमच्यातली रीत मला माहीत नव्हती. सगळ्यांना विस्तव द्या. आज भाजलं तरच रोप येईल, उद्या पाऊस आहे."

अक्काबाईने सूप खाली ठेवलं. "लय दिसांनी मागितलंस," ती म्हणाली. "मी वाट बघत व्हते."

"मग तुम्हीच का नाही दिला?"

"शब्द तुला दिला व्हता. पाड्यातलं कुणी मागणार नाय. दिलेला शब्द मोड म्हणून मला कोण सांगंल? मागायचं तुलाच व्हतं."

तासाभरात पाडा जागचा हलला. माणसं वाफ्यांवर तुटून पडली, गवत उपटलं, कुदळीने जमीन पालथी केली. जळणाचीच पंचाईत होती. औंदा फांद्या तोडल्याच नव्हत्या, तेही सुवर्णामुळेच. कुणी पावसाळ्यासाठी रचलेली लाकडं काढली, कुणी गोवऱ्यांची रास मोडली, कुणी गोठ्याचं जुनं छप्पर उतरवलं. बायका रानातून पाचोळ्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन येत होत्या. पावसाळ्यात चुली कशावर पेटवायच्या हे आज कुणी बोलत नव्हतं. सुवर्णाही पाट्या वाहत होती. दर खेपेला तिचे डोळे आपोआप पश्चिमेकडे जात. ढग डोंगराच्या डोक्यावर येऊन टेकले होते, वारा पडला होता, आणि अंगाला घामाबरोबर ओल जाणवत होती.

दुपार कलली तसं सगळं तयार झालं. अक्काबाईने आपल्या चुलीतले निखारे खापरात घेतले, शेताच्या बांधावर आली आणि तिथे पाचोळ्याची लहानसा ढीग पेटवला. एकेका घरातून एकेक माणूस आला. कुणी गोवरी पेटवून नेली, कुणी गवताची पेंढी. मग उतारावर एक धूर उठला, दुसरा उठला, आणि बघता बघता सगळा खिरपाडा धुरात गेला. सुवर्णाने एकवीस धूर मोजले. ती खोकत, डोळे पुसत हसत होती. आता येऊ दे पाऊस, तिला वाटलं.

मागे वळून बघते तो अक्काबाई बांधावरच्या विस्तवावर माती लोटत होती.

"अक्काबाई, तुमचा राब?"

अक्काबाईच्या वाफ्यावर काहीच पसरलेलं नव्हतं. तिची लाकडांची रास सकाळीच चंदरच्या आणि शेजारच्या भिमाबाईच्या वाफ्यावर गेली होती. सुवर्णाने ती स्वतः वाहिली होती आणि कुणाची म्हणून विचारलं नव्हतं.

"मी नाय भाजायची. शब्द दिलाय."

"मी तो शब्द परत देते! तुम्ही मोकळ्या आहात. चला, अजून वेळ आहे, मी पाचोळा आणते."

"शब्द माझा हाय, बाई. तो तू कशी परत देशील?" अक्काबाई अजिबात रागावलेली नव्हती. "तू एकच शेत मागितलं व्हतं. बाकीच्यांनी शब्द नव्हता दिला, त्यांना भाजू दे. एकानं करून बघाया पायजे. झाडं मलापण दिसतात, मी काय आंधळी हाय?"

"आणि नाही आलं तर?"

हा प्रश्न जानेवारीत अक्काबाईने विचारला होता आणि सुवर्णाने तो हसण्यावारी नेला होता. अक्काबाई खापर उचलून घराकडे गेली. त्या संध्याकाळी तिने आपलं उरलेलं बी, टोपलीतलं शेवटचं, न भाजलेल्या वाफ्यात टाकलं.

पावसाने एका दिवसाची सवलत दिली. चोवीसला समिती आली तेव्हा भुरभुर सुरू झाली होती. जीपमधून उतरल्या उतरल्या भामरे साहेबांनी समोरचा काळा उतार पाहिला, आणि धक्क्याने त्यांच्या तोंडून पुस्तकी भाषा गळून घरची अहिराणी बाहेर पडली, "हाई काय शे?"

सुवर्णा पुढे झाली. तिने दिल्लीच्या पाहुण्यांना सगळं सांगितलं, विस्तवाची रीत, आपली चूक, पेढ्यांसकट. अहवालातलं साध्य चुकीचं आहे, खरं एकच आहे आणि ते त्या तिथे आहे, असं म्हणून तिने अक्काबाईच्या वाफ्याकडे बोट केलं. समितीतल्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी बराच वेळ वहीत लिहिलं, वाफ्याचा फोटो घेतला आणि हिंदीत म्हणाले की हे खूप उपयोगी आहे. कुणाला उपयोगी ते त्यांनी सांगितलं नाही. जीपमध्ये चढताना भामरे साहेब हळूच म्हणाले, "तुमचा शेरा तुम्हीच लिहिलात, बाई. आता माझ्याकडे येऊ नका."

त्या रात्रीपासून पाऊस धरला तो चार दिवस उघडला नाही. नवव्या दिवशी एकवीस वाफ्यांवर नागली वर आली, राखेतून, दाट आणि काळपट हिरवी. लोकांच्या बोलण्यात पुन्हा जीव आला. चंदरने सुवर्णाला चहा दिला. तो तिने तसाच खाली ठेवला, कारण तिथून अक्काबाईचा वाफा दिसत होता.

अक्काबाईच्या वाफ्यावर सगळंच आलं होतं. नागली आली होती, आणि नागलीच्या दुप्पट गवत आलं होतं, तसंच बारीक, तसंच हिरवं, त्याच उंचीचं. आठ दिवसांत ते निघालं नाही तर ते नागलीला गिळणार होतं. शेजाऱ्यांची रोपं उरली तर अक्काबाईला मिळतील असं चंदर म्हणाला, पण दुबार पेरणीचं बी विरळ पडलं होतं, आणि औंदा कुणाकडे उरेल असं दिसत नव्हतं. हे त्यालाही माहीत होतं.

सुवर्णाने रजेचा अर्ज टाकला. मंजूर होतो की नाही हे बघायला ती थांबली नाही. इरलं पांघरून ती अक्काबाईच्या वाफ्याच्या एका टोकाला बसली आणि दुसऱ्या टोकाला अक्काबाई. खुरपं चालण्यासारखं नव्हतं, काडी काडी बोटाने वेचायची होती. टोमॅटोच्या वाफ्यात गवत आणि रोप डोळे मिटूनही ओळखू येतं. इथे डोळे फाडून बघितलं तरी कळत नव्हतं. पाठीवर पाऊस वाजत होता. दुपारपर्यंत तिने हातभर जागा साफ केली आणि मागे उपटून टाकलेला ढीग जरा अभिमानाने बघितला.

अक्काबाई सरकत सरकत तिच्यापर्यंत आली. तिने तो ढीग चाळला. त्यातून एक, दोन, तीन, अशा सात काड्या वेगळ्या काढल्या आणि बोटाने चिखलात भोकं पाडून परत लावायला लागली.

"ही नागली व्हती," ती म्हणाली. "पानाकडं नको बघू. बुडाशी बघ."

सुवर्णाने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं आणि वाफ्यावर आणखी खाली वाकली. तिने पुढची काडी चिमटीत धरली, बुडाशी बघितलं, पुन्हा बघितलं. उपटावी की राहू द्यावी हे तिला कळेना, आणि ती चिमूट तशीच धरून अक्काबाईचा हात मोकळा होण्याची वाट बघत बसली.